सकारण आदेश

"तुमच्या नावानं कौल लावला, साहेब. देवानं उजवा दिलान," असं सगुणा मयेकर सोमवारी सकाळी भर कचेरीत म्हणाली आणि पुरवठा शाखेतलं एकुलतं एक टंकयंत्र बंद पडलं. तसं ते रोजच बंद पडायचं. आज मात्र टंकलेखकाने ते स्वतः बंद पाडलं होतं, पुढचं नीट ऐकू यावं म्हणून. पुढचं काही नव्हतंच. बाईने एवढंच सांगितलं, पदर सावरला, टेबलाला की टेबलामागच्या माणसाला ते कळू नये असा एक नमस्कार केला आणि ती पायऱ्या उतरून गेली. मागे राहिला पुरवठा अधिकारी भिकाजी गुरव. हातातली फाइल उघडी, चेहरा बंद. एखाद्याने आपल्याला न विचारता आपल्या अंगाचं माप शिंप्याला देऊन यावं आणि शिंप्याने तेवढ्यावर कापड फाडायलाही घ्यावं, तसं काहीतरी त्याला झालं. आपलं नाव कुठल्यातरी देवळात, ओल्या फरशीवर, अनोळखी माणसांच्या तोंडून घेतलं गेलं. त्या वेळी आपण काय करत होतो? बहुधा दाढी. शिपाई गंगाराम पाण्याचा पेला घेऊन आला, पेला ठेवताना त्याने आज तो नेहमीपेक्षा हळू ठेवला, आणि भिकाजीच्या मनात पाल चुकचुकली. हा असा हळू का ठेवतो आहे?

प्रकरण म्हटलं तर अगदी साधं. मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्याला महिपत मयेकरचं रास्त भावाचं दुकान होतं. साखर, गहू, तांदूळ, पामतेल, रॉकेल. महिपत दम्याने बरीच वर्षं अंथरुणाला, आणि चैत्रात गेला. परवानाधारक गेला की परवानाही त्याच्याबरोबर जातो, असं सरकारचं मत आहे; वारसाने अर्ज करून तो पुन्हा जिवंत करून घ्यायचा. बायकोने, म्हणजे सगुणाने, तसा अर्ज केला. त्याच रस्त्याला वरच्या अंगाला बाबूशेठचं किराण्याचं दुकान. त्यानेही अर्ज केला, आणि तिच्या अर्जावर हरकतही घेतली. निकाल भिकाजीने द्यायचा. तो बाबूशेठच्या बाजूने लागला तर सगुणाने काटा आणि मापं जमा करायची, आणि दोन मुलींना घेऊन मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी निवडायला बसायचं; तिसरी वाट नव्हती. भिकाजीने कागद पाहिले होते आणि त्याचं मत जवळजवळ ठरलं होतं. दुकान बाईला द्यावं. आणि नेमकं देवाचंही मत तेच निघालं! देवाने डावा दिला असता तर किती सोपं झालं असतं. भिकाजीने देवाच्या नाकावर टिच्चून दुकान बाईला दिलं असतं आणि त्या रात्री त्याला छान झोप लागली असती. आता दिलं तर म्हणणार, देवाने दिलं. नाही दिलं, तर आपलं आपल्याला माहीत असणार की देवाला डावलायचं म्हणून एका बाईच्या पोटावर पाय दिला. या सगळ्यात शासन कुठे आहे? आणि शासन राहू दे, भिकाजी गुरव कुठे आहे?

भिकाजीला कौलाबद्दल कुणी नवीन काही सांगावं अशी परिस्थिती नव्हती. त्याचा बाप गुहागरकडच्या एका गावात देवळाचा गुरव होता. देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या कळ्या पाण्याने चिकटवायच्या, प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवीकडची कळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. शेताचा बांध, मुलीचं लग्न, मुंबईला गिरणीत जावं की न जावं, सगळं त्या दोन कळ्यांवर. लहान भिकाजी खांबाआड बसून बापाच्या बोटांकडे बघायचा. प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बाप आधी नीट बघून घ्यायचा, मग पाण्यात बोटं बुडवायचा. एकदा येसूबाई नावाची एक बाई आली होती. दीर घरातून काढतोय, राहू की जाऊ, असा प्रश्न. बापाने उजव्या कळीला पाणी कमी लावलं. भिकाजीने ते पाहिलं, आणि बापाने भिकाजीला बघताना पाहिलं. उजवी कळी टपकन पडली, बाई घरात राहिली, दिराने मान खाली घातली, आणि सगळं गाव म्हणालं, देव जागा आहे. भिकाजीला तेव्हा बापाचा इतका अभिमान वाटला होता की छाती दुखली. पुढच्याच सालात गावच्या खोताने एका कुळाविरुद्ध कौल लावला. त्याही वेळी बापाने बोटं पाण्यात बुडवली, त्याही वेळी एका कळीला पाणी कमी पडलं, आणि कुळ जमिनीवरून गेलं. दोन्ही वेळा कळी सारखीच पडली होती. तोच टपकन आवाज. दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही की का. विचारायची सोयच नव्हती. भिकाजी मॅट्रिक होऊन रत्नागिरीला आला आणि सरकारी नोकरीला चिकटला तो त्या आवाजापासून लांब जायचं म्हणून. आणि सरकारच्या कामातलं त्याला सगळ्यात काय आवडलं असेल, तर आदेशाखाली कारणं लिहावी लागतात हे. ‘सकारण आदेश पारित करावा,’ असं वरून आलेल्या परिपत्रकात पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याने ती ओळ जेवणाच्या सुट्टीत पुन्हा एकदा वाचली होती. माणसं प्रेमपत्रं वाचतात तशी.

पण आडनाव बरोबर आलं होतं. कचेरीत दर श्रावणात सत्यनारायण व्हायचा. वर्गणी पगारातून परस्पर, पूजेला हेडक्लार्क सपत्नीक, आणि केळीचे खुंट कुणी आणायचे, तर गुरवसाहेबांनी! त्यांच्या घराण्यातलंच काम ते. घटनेत ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द नव्याने घातला गेला त्या वर्षी भिकाजीला वाटलं होतं की दिल्लीत कुणीतरी आपल्या बाजूने बोललं. त्या वर्षीचा सत्यनारायण मात्र नेहमीपेक्षा मोठा झाला, कारण बोनस मिळाला होता. तेव्हापासून दर सत्यनारायणाला तो किरकोळ रजा टाकतो. कारण म्हणून लिहितो, ‘घरगुती.’ एकदा त्याने भिंतीवरची गणपतीची तसबीर उतरवून ठेवायला सांगितलं होतं. गंगारामने निमूटपणे उतरवली. आठवडाभर कोठीचं कुलूप उघडेना, कारण किल्ली त्या तसबिरीच्या खिळ्याला असायची आणि किल्ली कुठे हरवली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तसबीर परत लागली, दुसऱ्या दिवशी किल्ली सापडली. भिकाजीने त्यावर चौकशी लावली नाही. लावली असती तर अहवालात काय आलं असतं, याची त्याला भीती होती.

"सायेब," गंगाराम दुपारी म्हणाला, "त्या मयेकरणीचं काय ठरलं?"

"तुला कशाला?"

"नाय, आपलं इच्यारलं. उजवा कौल हाय म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"सगलीच म्हणतात."

"सगळी म्हणजे कोण?"

गंगारामने जरा विचार केला. "आता तुमीच ऱ्हायलाव," तो म्हणाला आणि पेला उचलून गेला.

भिकाजीने मान वर करून शाखेकडे नजर टाकली. सगळ्यांच्या माना खाली होत्या. सगळ्यांच्या माना खाली असणं ही पुरवठा शाखेतली अनैसर्गिक गोष्ट होती. मयेकरणीची फाइल सकाळी गठ्ठ्यात तळाशी होती. आता ती सगळ्यांत वर होती, उजव्या हाताला, आणि तिच्यावरची टिप्पणी ‘मान्यतेस्तव सादर’ म्हणून आधीच उघडून ठेवलेली. कारकुनाने ती कशी ठेवली असेल ते भिकाजीला डोळ्यांसमोर दिसलं. किंचित कमी पाणी लावून. म्हणजे बाप मेला, गाव सुटलं, आणि आपण आयुष्यभर बसलो ते एका मोठ्या गाभाऱ्यातच की काय? त्याने फाइल उचलून गठ्ठ्यात परत तळाशी घातली. मग वाटलं, हेही कुणीतरी बघत असेल. त्याने ती मधे घातली.

चारच्या सुमारास बाबूशेठ आला. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, काखेत कुठलंसं वैचारिक मासिक, आणि पावसात भिजलेली छत्री दाराबाहेर ठेवण्याची सभ्यता. खुर्चीवर बसायला सांगेपर्यंत तो बसला नाही.

"गुरवसाहेब, आपण दोघं एका जातीचे," तो म्हणाला. "म्हणजे विचारांच्या. माझ्या दुकानात देवाची तसबीर नाही. गिऱ्हाइकं विचारतात, शेठ, उदबत्ती कुठे लावता? मी म्हणतो, डास असतील तिथे."

भिकाजी हसला. हसल्यावर त्याला वाईट वाटलं, पण हसणं होऊन गेलं होतं.

"आणि खाली काय चाललंय?" बाबूशेठ खुर्ची पुढे ओढून म्हणाला. "सरकारी दुकान, आणि गिऱ्हाईक चपला काढून आत जातं. काट्याला हळदकुंकू. नवीन पोतं फोडलं की पहिलं माप देवाला. सरकारचं धान्य, साहेब! उद्या दुसरा कुणी म्हणेल, माझं माप माझ्या देवाला. मग रेशन माणसांना मिळायचं कधी? आणि वर तुमच्या नावाने कौल. मी ऐकलं तेव्हा माझीच मान खाली गेली. म्हटलं, जिल्ह्यात एक माणूस निधर्मी, त्यालाच देवळात ओढलं!"

"अर्जावर जे असेल ते मी पाहीन."

"पाहाच. मी एक शब्द सांगणार नाही." तो उठला, आणि उठता उठता, जसं काही आत्ताच आठवलं: "बरं, वाचनालयात एक सभा घेतोय. ‘धर्म देवळात, राज्य कचेरीत’ असा विषय. अध्यक्ष तुम्ही. नाही म्हणू नका."

"ते निकाल लागल्यावर बघू."

"छे छे, येत्या रविवारीच. निकालाचा काय संबंध?"

तो गेल्यावर त्याच्या छत्रीखालचं पाणी दाराशी पसरत राहिलं. माणसाचं सगळं बोलणं आपल्याला पटावं, अगदी शब्दन्‌शब्द पटावा, आणि तरी त्याचं दुकान आपल्याला आवडू नये, हे काय आहे? त्याच्या तोंडून आपलेच विचार ऐकताना, आपला सदरा दुसऱ्याच्या अंगावर बघावा तसं वाटलं. सदरा आपलाच, पण कॉलर त्याची. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी अंगावर तांब्या ओतताना भिकाजीच्या लक्षात आलं की आपण मघापासून अध्यक्षीय भाषणाचं पहिलं वाक्य जुळवत आहोत. ‘बंधुभगिनींनो, राज्यसंस्थेला देव नसतो...’ चांगलं वाक्य होतं. त्याने ते दोनदा म्हणून पाहिलं.

"कुणाशी बोलताय?" बाहेरून बायकोने, गोदाने, विचारलं.

"कुणाशी नाही."

चहाच्या वेळी त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती मयेकरीण इथे आली होती का?"

"कोण मयेकरीण?"

"कौल लावणारी."

"मी कशाला बघू कोण कौल लावते ते?"

"तिला माझं नाव कुणी सांगितलं?"

"अहो, दारावर पाटी आहे तुमच्या," गोदा म्हणाली. "रस्त्यावरून दिसते. तुम्हीच मोठी अक्षरं करून घेतलीत."

"तू देवळात जातेस. बायकांत बोलणं होतं."

"मी देवळात जाते, तुम्ही कचेरीत जाता. मी कधी विचारलं का, तिथे माझ्याबद्दल काय बोलणं होतं?" तिने कपात चहा ओतला. "तुमचा राग मला कळतो. देवाने कौल दिला ह्याचा नाही तो. तुमच्या आधी दिला ह्याचा आहे."

या बाईला कचेरीत घेतलं तर शाखा तीन महिन्यांत सरळ होईल, असं भिकाजीला वाटलं, आणि पाठोपाठ वाटलं, हे इतकं नेमकं हिला कुणी शिकवलं?

त्या दिवशी पाऊस जरा उघडला होता. आगाऊ न सांगता भिकाजी दुकान तपासायला गेला. गंगारामला बरोबर घेतलं नाही. लांबूनच पाहिलं तर खरंच दाराशी चपलांची रांग. बाबूशेठ खोटं बोलला नव्हता. आत दहाबारा माणसं, पिशव्या, रॉकेलचे डबे, ओल्या गोणपाटाचा वास, आणि काट्यामागे सगुणा. कपाळ मोकळं, हात मापावर. ती वजन करताना गिऱ्हाइकाकडे बघत नव्हती, काट्याकडे बघत होती. हे भिकाजीने मनात टिपून ठेवलं. एक म्हातारा कार्ड विसरून आला होता. तो घरी जाऊन येईपर्यंत तिने त्याची साखर बाजूला बांधून ठेवली. मागून आलेल्या बाईला तीच साखर हवी होती. "ती भिकूआजोबांची हाय. तुजी येगळी देतंय," असं म्हणून तिने पोत्यात पुन्हा हात घातला. गिऱ्हाइकं पांगली तेव्हा तिने साहेबाला पाहिलं आणि पाट पुढे केला.

"लोक चपला का काढतात?" त्याने उभ्या उभ्याच विचारलं.

"सकाळी सारवलंय, साहेब. चिखलाचे पाय घेऊन आले तर मी परत सारवू?"

भिकाजीने खाली पाहिलं. जमीन ओली होती आणि तिच्यावर एकट्या सरकारी बुटाचा ठसा उमटला होता.

"पहिलं माप देवाला देतेस म्हणे."

"देतंय."

"ते धान्य सरकारचं आहे."

"माझ्या कार्डावरचं," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "त्या दिवशी आमी तिघी पेज पातळ करतो. सरकारचा दाणा देवाला कशाला देऊ? देवाचं कार्ड कुठं हाय?"

भिकाजीने काट्याची तबकडी हाताने दाबून पाहिली. काटा खरा होता. मग जे विचारायचं नाही असं वाटेत ठरवलं होतं तेच त्याच्या तोंडून गेलं. "आणि कौल? कौल कशाला लावलास? दुकानाचा निकाल द्यायला देव काय माझा वरिष्ठ अधिकारी आहे?"

सगुणा गोंधळली. खरोखर गोंधळली, इतक्या वर्षांत सोंगं बघून बघून त्याला खरं गोंधळणं ओळखता येत होतं. "दुकानाचा कौल? नाय हो, साहेब. दुकानाचं देवाला काय कळतंय? त्यानं कदी कागद वाचलाय?"

"मग माझ्या नावाने काय विचारलंस?"

तिने मान खाली घातली. "म्हटलं, या साहेबाकडं रिकाम्या हातानं जाऊ, की पाकीट घेऊन जाऊ? रिकाम्या हातानं जायचं असलं तर उजवा दे. तर उजवा दिलान. म्हणून तशीच आले, आणि आपलं सांगून टाकलं."

"आणि डावा दिला असता तर?"

"मंगळसूत्र हाय ना मोडायला," ती म्हणाली. "आता तसंबी त्याचा काय उपेग."

दुकान अजून अर्धं बघायचं राहिलं होतं, पण भिकाजी तसाच बाहेर पडला. रस्ता उतरत उतरत मांडवीच्या वाळूवर येईपर्यंत आपण कुठे चाललो आहोत हे त्याच्या लक्षात आलं नाही. समुद्र गढूळ, बोटी वर ओढून ठेवलेल्या, आणि ओल्या वाळूत बूट रुतत होते. उभ्या नोकरीत त्याने कुणाचा चहा घेतला नव्हता. तुमच्या जावयाला नोकरी लावतो म्हणत आलेल्या माणसाला जिन्यावरून परत पाठवलं होतं. हे सगळं आपलं आपण केलं, मनाशी भांडून केलं, असं तो समजत आला; आणि आता एका कळीने ते उजवीकडून टपकन खाली टाकलं. ‘हा साहेब खात नाही,’ अशी देवाची शिफारस. आणि ती कळी कुणी लावली? तिच्या वाडीतल्या देवळाच्या गुरवाने. त्याने बाईच्या तोंडाकडे पाहिलं असेल, साहेबाचं नाव ऐकलं असेल. गावात त्या नावाबद्दल जे बोललं जातं तेही ठाऊक असेल. आणि बोटं पाण्यात बुडवली असतील. म्हणजे देव काहीच बोलला नाही, गाव बोललं. हे बरं वाटण्यासारखं होतं, पण भिकाजीला बरं वाटून घ्यायची सवय नव्हती. गावाला आपल्याबद्दल इतकं चांगलं वाटतं, ते का? आणि समजा, त्या गुरवाने बाईचं मंगळसूत्र वाचावं एवढ्यासाठीच पाणी कमी लावलं असेल, साहेब खाणारा असला तरी? मग आपलं प्रामाणिक असणं हा निव्वळ योगायोग. तो हसला. वाळूवर जाळं विणत बसलेल्या माणसाने मान वर करून पाहिलं, म्हणून त्याने खोकल्यासारखं केलं.

आणि तिथे, बूट ओले होत असताना, त्याला बाबूशेठ आठवला. पाकीट घेऊन जाऊ की रिकाम्या हाताने, हा प्रश्न बाबूशेठनेही कुणाला तरी विचारला असणार. देवाला नसेल, कचेरीतल्याच कुणाला. आणि उत्तर मिळालं असणार की हा माणूस पैसे खात नाही, नारळ खात नाही, पण याच्यासमोर देवाला चार शिव्या द्या, बघा कसा खुलतो ते. ‘धर्म देवळात, राज्य कचेरीत, अध्यक्ष भिकाजी गुरव.’ पाकीट ते हेच. आणि आपण ते घेतलं की! मोजूनसुद्धा पाहिलं, सकाळी, अंगावर पाणी ओतताना, दोनदा. आयुष्यभर समोरच्याच्या बोटांवर नजर ठेवणारा माणूस स्वतःच्या तोंडाला पाणी सुटलेलं बघायला विसरला. बाईने देवाला मधे घालून काहीच मागितलं नव्हतं, आणि शेठने देवाला बाहेर ठेवून दुकान मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो आदेश लिहायला बसला. हा आदेश टंकायला द्यायचा नाही, स्वहस्ते लिहायचा, असं ठरवलं. कारणं भराभर आली. मग तो शेवटाला आला आणि थांबला. एक वाक्य हवं होतं, नाहीतर उद्या सगळी रत्नागिरी म्हणणार की गुरवाने कौल मानला. त्याने लिहिलं: ‘अर्जदार यांनी देवास लावलेल्या कौलाचा प्रस्तुत निर्णयाशी काहीही संबंध नाही.’ वाचून पाहिलं. पुरवठा शाखेच्या दप्तरात आजपर्यंत देवाचा उल्लेख नव्हता. सत्यनारायणसुद्धा ‘किरकोळ खर्च’ म्हणून पडायचा. आता भिकाजी गुरवाच्या अक्षरात, शिक्क्यासकट, देव पहिल्यांदा सरकारी कागदावर येणार होता, आणि तोही संबंध नाही हे सांगायला. उद्या अपिलात वकील विचारणार, संबंध नाही तर लिहिलंत कशाला? वरचे साहेब टिप्पणी मागवणार. देवाचं म्हणणं ऐकून घेतलं होतं काय, असंही कुणी विचारेल. त्याने वाक्य खोडलं. खोडलेलं वाक्य वाचता येतं म्हणून आदेश पहिल्यापासून पुन्हा लिहिला. देवाला दप्तराबाहेर ठेवायचं तर त्याच्याबद्दल गप्प बसायला हवं, आणि गप्प बसलं की लोकांना हवं ते बोलता येतं. ही किंमत होती. त्याने सही केली. गंगारामच्या हाती वाचनालयाला निरोप धाडला की रविवारी जमणार नाही. कारण विचारलं तर सांग, घरगुती.

निकालाच्या दिवशी बाबूशेठ आधी आला. त्याने आदेश उभ्यानेच वाचला, घडी घातली, आणि तो सभ्यपणे हसला. छत्री आज त्याने आत आणली होती.

"म्हणजे शेवटी गुरव ते गुरवच," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल इतकं स्पष्ट.

टंकयंत्र थांबलं. भिकाजीच्या तोंडाशी पुष्कळ आलं. खांबाआडचा मुलगा आला, रजेचे अर्ज आले, ‘राज्यसंस्थेला देव नसतो’ हेही आलं. यातलं काही बोललं तर ते कौलाबद्दलचंच बोलणं झालं असतं. "कारणं आदेशात आहेत," तो म्हणाला. "मान्य नसतील तर अपील करा."

बाबूशेठ दारातून बाहेर पडायला आणि सगुणा आत यायला एकच गाठ पडली. तिच्यामागे व्हरांड्यात वाडीच लोटली होती. बायका, म्हातारे, कडेवरची पोरं. भिकाजीने आदेश पुढे केला. तिने तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"मिळालं का, साहेब?"

"मिळालं."

मागे कुणीतरी ‘देव पावला’ म्हणालं. भिकाजीने ते ऐकलं. आपण ऐकलं नाही असं दाखवायची त्याने शिकस्त केली.

सगुणा मात्र कागदावरून बोट फिरवत होती. "इतकं काय लिवलंय ह्यात?"

"कारणं."

"कसली?"

"तुला दुकान का द्यावं, त्याची."

"का द्यावं?" तिने विचारलं. तिला खरंच ठाऊक नव्हतं. "वाचा ना. मोठ्यानं वाचा, साहेब, बाहेर म्हातारी माणसं हायत."

कचेरीच्या शिस्तीत हे बसत नव्हतं. भिकाजीने चष्मा लावला, उठून दारापर्यंत गेला आणि वाचायला लागला. "अर्जदार हिने पतीच्या दीर्घ आजारपणात सदर दुकान सचोटीने चालविल्याचे दिसून येते."

"व्हय म्हाराजा!" व्हरांड्यातून एक म्हातारा गरजला. देवळात गाऱ्हाणं घालताना प्रत्येक वाक्यामागे गाव म्हणतं तसं, नुसत्या सवयीने. त्याच्या तोंडून निघालं म्हणून इतर दोघांच्याही निघालं.

भिकाजी थांबला. मागे शाखा हसू दाबत होती. हा कागद परत घ्यावा, दार लावून घ्यावं, असं त्याला झालं. पण सगुणा पुढचं ऐकायला मान तिरकी करून उभी होती. त्याने घसा साफ केला. "तिच्या मापाबद्दल वा वजनाबद्दल एकाही कार्डधारकाची तक्रार नाही."

"व्हय म्हाराजा!" आता सगळी वाडी.

"दुकानाची जागा रस्त्यालगत, पक्की व कोरडी असून..."

"नाय म्हाराजा!"

व्हरांड्याच्या कडेला एक बुटकी म्हातारी काठी टेकून उभी होती. "मागल्या कोपऱ्यात गळतंय, साहेब. माजे गहू भिजले हुते. तुमी तकडं आलातच कुटं?"

सगुणाने जीभ चावली. कुणीतरी म्हातारीचा पदर ओढला, "गप गो, हौसाआये, झालेलं काम बिघडवशील!" म्हातारीने पदर सोडवून घेतला. वाडी साहेबाच्या तोंडाकडे बघत राहिली. भिकाजी त्या म्हातारीकडे बघत राहिला. बापाच्या गाभाऱ्यात इतक्या कळ्या पडल्या, पण ‘नाय’ म्हणालेलं माणूस त्याने एकही पाहिलं नव्हतं. त्याला ती म्हातारी फार आवडली. कुणी शिकवून पाठवलं असेल का, हा संशय आला, जरा घुटमळला, आणि गेला.

"पेन," तो म्हणाला. गंगारामने धावत दिलं. भिकाजीने दाराच्या चौकटीवरच कागद टेकवला, ‘कोरडी’ खोडलं, आणि समासात लिहिलं की मागील कोपऱ्यातील कौले पंधरा दिवसांत बदलून घेण्याच्या अटीवर. खाली पुन्हा सही केली.

"चालेल?" त्याने म्हातारीला विचारलं.

"म्होरं वाचा," म्हातारी म्हणाली.